बायकोची चार बोटं

आमच्याकडे टीव्हीला जोडायचा जुना गेम आहे, पिवळ्या कॅसेटवाला. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून आडवी ओळ भरली की ओळ गायब होते. उंब्रजमध्ये या खेळात माझा हात धरणारा कुणी नव्हता आणि हे मी न विचारता सगळ्यांना सांगायचो.

लग्नानंतर बायको शेजारी बसून बघायची. एकदा तिनं कंट्रोलर मागितला. ती महिला भजनी मंडळात ढोलकी वाजवते. तिनं बटणावर अंगठा नुसता टेकवला आणि कंट्रोलरच्या पाठीवर चार बोटं भराभर वाजवली. प्रत्येक बोटाच्या धक्क्यानं बटण दाबलं जात होतं. बाहेरच्या देशातले पट्टीचे खेळाडू असंच खेळतात, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. दोन वर्षं घासूनही मला ते जमलं नव्हतं. हिला पहिल्याच दिवशी जमलं, तेही कुणी न शिकवता. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

"असं न्हाई खेळत. बटण मोडंल," मी म्हणालो. तिनं लगेच बोटं आवरली.

यंदा कुपवाडला या खेळाची स्पर्धा झाली. मी फक्त माझंच नाव दिलं, ती बघायला आली. साताऱ्याचा एक जण आलाच नाही, तेव्हा आणखी कुणी खेळणार का, असं संयोजकांनी विचारलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, तोवर तिनं हात वर केला होता.

उपांत्य फेरीत तीच माझ्यासमोर आली. दोघांनाही तेच ठोकळे त्याच क्रमानं मिळतात, त्यामुळे नशिबाला बोल लावायची सोय नाही. वेग वाढला तशी तिनं बोटं वाजवायला सुरुवात केली. माझा ढीग वर टेकून मी बाद झालो तेव्हा तिचा अर्धा पडदा मोकळा होता. लोक बघत होते म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. पुढं अंतिम फेरीही तिनंच जिंकली.

परतताना आम्ही हायवेला चहासाठी थांबलो. कुपवाडपासून मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. चषक तिनं पिशवीत तळाशी घातला होता, वर स्वेटर टाकून.

"आवं, पुढल्या वर्षी तुमीच खेळा," ती म्हणाली. "मी न्हाई खेळत आता."

तिला खेळायचं होतं, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तरी मला हायसं वाटलं.

"बरं," मी म्हणालो आणि तिच्यासाठी भजी सांगितली.