पायरी झाडायची राहिली ती सकाळ

मी मूळची काष्टीची. आमच्या बैलबाजारात वडील बैल घ्यायला जात, तेव्हा मी त्यांचं धोतर धरून मागे मागे फिरायची. ते आधी शिंगं बघत, मग दात, मग चाल. पुढे मी नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले, एकतीस वर्षं शिकवलं, पण ती बाजारातली नजर काही गेली नाही. तिनेच मला भर पावसाळ्यात तोंडावर पाडलं.

अकोले तालुक्याच्या डोंगरात एक देवराई आहे. राईच्या तोंडाशी छोटं देऊळ, देवळावर एक दिवा. तो रात्रभर जळतो आणि सकाळी पायरीवर किड्यांचा सडा पडलेला असतो. विद्यार्थ्यांची सहल घेऊन गेले होते, तेव्हा तिथे मला एक मेलेला भुंगेरा सापडला. तपकिरी, अंगठ्याएवढा, आणि डोक्यावर सांबरासारखी शिंगं. खरं तर ती शिंगं नव्हेत, वाढलेले जबडे. असे भुंगेरे मी पुष्कळ पाहिलेत. पण याच्या जबड्यावरचा दात भलत्याच जागी होता. माझ्याकडची सगळी पुस्तकं पालथी घातली, तसा दात कुठेच सापडेना.

पुण्याला एक सर आहेत, त्यांचा जन्म या भुंगेऱ्यांत गेला. त्यांनी अर्धा तास भिंगाखाली बघितलं आणि म्हणाले, "बाई, हा नवा दिसतोय." त्या दिवशी मी स्टँडवर एकटीने दोन प्लेट भजी खाल्ली आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही आग्रह करकरून खायला लावली.

पण सरांनी अट घातली होती. एकट्या नरावर नवी जात मांडता येत नाही. अजून नर हवेत आणि मादी तर हवीच. शिवाय ती मादी याच नराच्या जातीची आहे, हे कळायला हवं, कारण या भुंगेऱ्यांच्या माद्या सगळ्या सारख्याच दिसतात, काळ्या आणि साध्यासुध्या. येत्या मेमध्ये मी निवृत्त होणार होते. मग प्रयोगशाळेची किल्ली गेली, सूक्ष्मदर्शक गेला. हातात एकच पावसाळा होता. दुसऱ्यांनी बारसं केलेले किडे मी जन्मभर पोरांकडून पाठ करून घेतले, एकाचं तरी बारसं आपल्या हातून व्हावं, एवढीच हाव होती.

देवळाशेजारी एक मावशी राहतात. पायरी त्या झाडतात, चाळीस वर्षं, एक दिवस न चुकता. मी त्यांच्या हाती डबा दिला, मोबाईलवर फोटो दाखवला आणि सांगितलं, "मावशी, असा शिंगवाला किडा दिसला की यात टाका."

चार आठवड्यांनी गेले तर डब्यात सात भुंगेरे. एकाहून एक देखणे, सगळे नर. मी मावशींना मिठीच मारली. मग उलटसुलट करून पाहिलं, मादी एकही नव्हती.

"मावशी, बाकीचे कुठायत?"

"बाकीचे म्हंजी? बिनशिंगाचे?" मावशी म्हणाल्या. "ते लई असायचे की. सुपलीत भरून राईत सोडून देते. जित्या जिवाला उगं कशाला कोंडायचं? तुमी शिंगवालेच सांगितले हुते ना?"

एकतीस वर्षं फळ्यावर नर आणि मादी शेजारी शेजारी काढून दाखवणारी बाई मी! नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर त्याला हसू आवरेना. "तुझ्या वडिलांनी जन्मात गाय म्हणून घेतलीच नाही का गं?"

मावशी त्या माद्या राईत पडलेल्या एका झाडावर सोडत. वादळात आडवं झालेलं ते मोठं खोड कितीतरी वर्षं तिथेच कुजत होतं. मी लगेच नळ्या-चिमटे घेऊन निघाले, तर मावशी आडव्या आल्या. राईतलं काही बाहेर न्यायचं नाही. वाळलेली काटकी चुलीला न्यायची नाही, पडलं झडलं सगळं देवाचं. मी वनखात्याची परवानगी काढून दाखवली, शिक्क्यासकट.

"तुमचं खातं डांबरीच्या पल्याड," मावशी म्हणाल्या. "आतलं काय बी न्यायचं न्हाई. आपल्या पायानं पायरीवर आलं, तर मग त्याची मर्जी."

मला राग फार लवकर येतो. म्हणाले, "देवाला किडा कशाला हवाय?"

"आन तुमाला कशाला हवाय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझं मलाच सांगायला बरं वाटेना.

मी तीन दिवस त्यांच्याकडेच राहिले. रोज उजाडताच पायरी बघायची. नर यायचे, मादी नाही. दुसऱ्या दुपारी मी अनवाणी राईत गेले, नुसतं बघायला म्हणून. आणि त्या खोडावर ती होती. लहानखुरी, काळी, जबडा नावापुरता. आसपास चिटपाखरू नव्हतं. खरं ते सांगते, मी तिला उचललं, नळीत घातलं, झाकण लावलं आणि दहा पावलं चाललेसुद्धा. मग पायाखाली कुजक्या लाकडाचा मऊ भुसा जाणवला. या भुंगेऱ्यांच्या अळ्या कुजलेल्या लाकडावर वर्षानुवर्षं वाढतात, हे मीच तर शिकवते. बाकीच्या डोंगरावर पडलेलं लाकूड चुलीत जातं. इथे पिढ्यानपिढ्या कुणी काटकी उचलली नाही, म्हणून हे खोड उरलं आणि हा किडा उरला. ज्यांच्यामुळे तो मला दिसला, त्यांचीच नागलीची भाकरी खाऊन मी चोरी करत होते. माझी मलाच लाज वाटली. मागे फिरले आणि तिला होती तिथे ठेवलं.

रात्री जेवताना मावशींना सांगून टाकलं. त्यांनी ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. "बरं केलं. खावा."

मी रिकाम्या हाताने नगरला आले. भुंगेऱ्यांचे दिवस सरत आले होते. आपल्या नशिबात सात नर आणि एक पश्चात्ताप, असं मी नवऱ्याला म्हणाले आणि दोन दिवस त्याच्यावर उगीच खेकसत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या सुनेच्या मोबाईलवरून फोन आला. मावशी फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात.

"बाई, आली! आपल्या पायानं आली! आन एकटी न्हाई!"

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. मिळेल ती एसटी पकडून संगमनेर, तिथून अकोले, तिथून जीप. पोचायला दुपारचे तीन वाजले. मावशी छत्री धरून पायरीवर बसल्या होत्या, शेजारी एक टोपली पालथी घातलेली. पायरीभर ओली पानं, पंख, मेलेले पतंग, सगळं तसंच पडलेलं. त्यांनी हलकेच टोपली उचलली. खाली ती होती, आणि तिच्यावर आपल्या जबड्यांचा मांडव धरून तो. भलत्या जागच्या दाताचा, माझा.

मी रडले, हसले, पुन्हा रडले. मादी कुणाची, हा सरांचा प्रश्न त्या दोघांनी परस्पर सोडवून टाकला होता. खोडावरून चोरलेल्या एकटीने तो कधीच सुटला नसता.

"मावशी, हिला न्यावं लागेल. जिवंत नाही राहणार ती," मी म्हणाले. हे न सांगता नेववेना.

मावशींनी टोपली बाजूला ठेवली. "आपल्या पायानं आली न्हवं? न्या. पर त्याला ऱ्हाऊ द्या." माझ्याकडे नर होतेच. त्याला आम्ही दोघींनी मिळून खोडावर सोडलं.

मे महिन्यात, निवृत्तीच्या आठवड्यात, शोधनिबंध छापून आला. जातीला नाव दिलं ते त्या राईचं. मी एक प्रत घेऊन डोंगरावर गेले आणि किडा कुठे मिळाला तो भाग मावशींना मराठीत सांगितला. देवळाच्या पायरीवर, दिव्याखाली, नर आणि मादी एकत्र.

मावशींनी मान डोलावली. मग विचारलं, "आन त्या दिशी म्या पायरी झाडली न्हाई, ते लिवलंय का?"

"नाही मावशी. तसलं नाही लिहीत त्यात."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सांत तेवढा येकच दिस झाडली न्हाई म्या."

शास्त्राच्या निबंधात त्याला जागा नव्हती. म्हणून इथे लिहिलं.