एक कालव राहू दे

"आता त्या काय मागतील ते खायला द्या," असं डॉक्टर म्हणाले आणि जोतीरामला घाम फुटला. पथ्य सांगणारा डॉक्टर परवडला. मीठ बंद, तेल बंद म्हणजे अजून काहीतरी आशा आहे. पथ्य उठवलं की घरातल्यांना समजायचं ते समजतं.

जोतीराम माझा शेजारी. शिवाजी पेठेत खाली त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, वर घर, आणि दुकानाला लागून माझं शिलाईचं. तरुणपणी तो पेठेच्या फुटबॉल संघात फुलबॅक खेळायचा. मैदानात दगडफेक सुरू झाली की आम्ही पळायचो आणि हा उभा राहून दगड कुठून आला ते बघायचा. असल्या गड्याला त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यावरून भिंत धरत उतरताना पाहिलं.

आजारी होती त्याची आई, अंबूबाई. माहेर देवगडकडचं, खाडीकाठचं. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि पन्नासएक वर्षांत इतकी कोल्हापुरी झाली की ती दूधवाल्याशी भांडायला लागली की अख्ख्या बोळाला ऐकू जायचं. आता हृदय थकलं होतं, औषधं लागू पडत नव्हती, म्हणून घरी आणलं. त्याच संध्याकाळी तिनं जोतीला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "झिला, माका कालवां व्हयी. तळलेली."

जोती दचकला. कालवांपेक्षा त्या 'झिला'ला, त्या मालवणी 'पोरा'ला दचकला. माहेरचं बोलणं तिनं या घरात कधी काढलं नव्हतं. म्हातारी परतीला लागली की काय, असं त्याच्या मनात आलं. त्यात शेजारच्या चिमणाबाई पेज घेऊन आल्या होत्या. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "जीव त्यातच अडकलाय बघ. खायला घाल, लगीच सुटंल बिचारी." चांगल्या मनानंच बोलल्या. आमच्याकडं असंच म्हणतात. पण चिमणाबाईंच्या जिभेला हाड नाही, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगेन.

कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. ते फोडून आतला मऊ गर काढायचा आणि तळायचा. खाडीकाठच्या माणसाला हे घरचं खाणं. आमचं गाव मटणाचं, समुद्र घाटाखाली. तरी हल्ली कोल्हापुरात मालवणी पाट्या लावलेली हॉटेलं ढिगानं झाली आहेत. मी म्हटलं, "चल, माझ्या गाडीवर बस. गावातली सगळ्यात चांगली कालवं हुडकू."

"आज सोमवार हाय," जोती म्हणाला. "आई सोमवारचं खात न्हाय."

मग गुरुवार आला. मग संकष्टी. मग शनिवार. ज्या माणसाला पेठेतला उपासाचा एक वार कधी आठवला नाही, त्याला आता पंचांग तोंडपाठ झालं होतं. मी चिडलो. "अरे, म्हातारी वाट बघतीया आन तू वार मोजतोयस?" तेव्हा कुठं तो मागं बसला.

राजारामपुरीतल्या हॉटेलात कालवांवर कांदा-लसूण मसाल्याचा थर होता. ही चूक फक्त आमच्या गावात होणार. समुद्रातून काहीही वर येऊ दे, आम्ही त्याला आधी तांबडं करणार. जोतीनं एक तुकडा चाखला आणि ताट सरकवलं. स्टँडजवळ मिळाली ती चपलेच्या पट्ट्यासारखी चिवट. रंकाळ्याच्या बाजूला जुन्या बर्फाचा वास मारत होता. त्याचं म्हणणं प्रत्येक वेळी बरोबर होतं. मला कौतुकच वाटलं, गडी आईसाठी किती चोखंदळ झालाय म्हणून. घरी गेल्यावर अंबूबाई विचारायची, "मिळाली?" हा म्हणायचा, "चांगली न्हवती." आणि ती भिंतीकडं तोंड करून पडायची. अंगावरचं गोधडीचं टोक तेवढं हलत असायचं, आणि ते हलतंय ना, हे बघत जोती उंबऱ्यात उभा.

शेवटी कुणीतरी उचगावच्या कडेची विश्वजितची खानावळ सांगितली. त्याची बायको मालवणची, तव्याजवळ तीच उभी असते. हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ आणि रवा, बस्स. ताट आलं. मी एक तोंडात टाकलं. वरून कुरकुरीत, आत मऊ, आणि दातांखाली खारट पाणी सुटलं. मी समुद्र दोनदाच पाहिलाय, पण मला तो आठवला.

"जोत्या, हीच," मी म्हटलं.

जोती सावकाश चावत होता. त्यानं घास गिळला आणि खाली बघून म्हणाला, "वाळू हाय."

एकाच ताटातलं खात होतो आम्ही. वाळूचा कण नव्हता. मी पुढं झुकून काही बोलणार, तेवढ्यात मला त्याचा हात दिसला. ताट अजून भरलेलं असताना पेल्यातलं पाणी ओतून तो बोटं घासून घासून धूत होता.

बाहेर गाडीजवळ मी विचारलं, "का रे खोटं बोललास?"

त्यानं आधी गाडीची सीट पुसली. मग म्हणाला, "आबांनी आंबा मागितलेला, ध्यानात हाय तुझ्या? भर थंडीत. गाव पालथं घालून आणला मी. ह्या हातानं फोड भरवली. कोय वाळायच्या आत गेला बाप. समदी म्हणाली, पोरानं इच्छा पुरवली, सुटला. पाठ थोपटली माझी." त्यानं हात पुढं करून बघितला. "मी सोडवला का मारला, मला आजून कळंना बाळासो. आता परत ह्याच हातानं?"

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत सांगतो. त्या दिवशी उचगावच्या रस्त्यावर सांगायला जीभ उचलली नाही. आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

अंबूबाई जागी होती. जोती नेहमीसारखा जवळ जाऊन बसला. "चांगली न्हवती आई," तो म्हणाला आणि तिची गोधडी सारखी करायला लागला. तिनं त्याचा हात पकडला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"कुठं मिळाली?" तिनं विचारलं.

"वाळू होती त्यात."

"हात धुतलास म्हणून वास जातो व्हय रं? ताजी हाईत. आगळ लावल्यालं हाय. खाडीचा वास तू मला शिकवणार?"

जोतीचा बांध फुटला. एवढा दांडगा माणूस आईच्या हातात तोंड घालून रडला. "तू खाशील आन जाशील. आबांसारखी."

म्हातारी त्याच्या डोक्याकडं बघत राहिली. मग तिचा जुना, दूधवाल्याशी भांडायचा आवाज थोडासा परत आला. "तुझा बाप आंब्यानं मेला व्हय? तंबाखूनं मेला. बाळासो, गाडी काढ. आन माझ्यादेखत आणून ठेव."

मी जाऊन पार्सल आणलं. जोतीनं भरवायला नकार दिला, तेव्हा ती स्वतः उशीला टेकून बसली. त्याची बायको अनुजा दाराशी उभी होती. आम्ही तिघंही म्हातारीच्या गळ्याकडं बघत होतो. घास खाली गेला की आम्ही श्वास घ्यायचो. दुसरा, तिसरा. ती घाई करत नव्हती, मधेच बोट चोखत होती. शेवटी ताटात एक उरलं आणि तिनं ताट सरकवलं.

"एक कालव राहू दे. उद्याला."

"का आई? बरं न्हाय लागलं?" अनुजानं विचारलं.

"लई झकास हाय. म्हणून तर." तिनं जोतीकडं बघितलं. "जीव अडकाया कायतरी पायजे की."

चिमणाबाईंचं शास्त्र तिनं असं उलटं फिरवलं. ते एक कालव झाकणाच्या डब्यात घालून जोतीनं फ्रीजमध्ये ठेवलं आणि पोरांना दम भरला. सकाळी तो दुकानात आला, शटर वर करायच्या आधी माझ्या दाराशी थांबला आणि म्हणाला, "मागून घेतलं. खाल्लं." मी मशीनला दोरा ओवला.

तेव्हापासून तसंच चाललं. वार-बीर सगळे विसरून जोती उचगावला जायचा, म्हातारी खायची आणि एक ठेवायची. सकाळी तो "खाल्लं" म्हणायचा आणि माझा दिवस सुरू व्हायचा. पण त्याच्या वरच्या दाराची कडी वाजेपर्यंत माझे कान तिकडंच असायचे. मी त्याला हे कधी सांगितलं नाही. तिचा घास लहान होत होता, हेही आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

काल दिवेलागणीला जोती माझ्या दुकानात आला. हातात ताट होतं. त्यानं ते माझ्या कापडावरच ठेवलं. ताट स्वच्छ होतं, रव्याचा कणसुद्धा बोटानं टिपलेला.

"समदी खाल्ली," तो म्हणाला. "एकबी ठेवलं न्हाय."

"भूक लागली असंल. चांगलं की," मी म्हणालो, पण माझा आवाज मलाच परका लागला.

आम्ही वर गेलो. जिन्यात तो मला पुढं हो म्हणाला आणि मी त्याला. अंबूबाई उताणी पडली होती, डोळे उघडे, चेहरा निवांत. आम्हाला बघून हसली. "पोट भरला रे झिला," ती म्हणाली.

जोती तिच्या उशाशी गुडघ्यावर बसला. "आई, उद्या काय खाणार? आंबोळी करू? पापलेट आणू? आंबा बघू कुठं मिळतोय का?" त्यानं तिचा हात हातात घेतला. "आई, कायतरी माग की."

तिनं त्याच्या हातावर दोनदा थोपटलं.

"आता काय नको," ती म्हणाली.

जोतीनं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.