कारण सांगणाऱ्यांची रांग

"उभी राहा. मोठ्याने सांग. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

हे वाक्य बाई आम्हाला पाचवीत ऐकवायच्या आणि पंचेचाळिशीतही ऐकवायच्या. फरक एवढाच, की पाचवीत पंधराचा पाढा म्हणायचा असे आणि पंचेचाळिशीत स्वतःचेच पैसे परत मागायचे असत.

बाई परळच्या एका म्युनिसिपल शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीला काही वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली, म्युच्युअल फंड विकायला लागणारी परीक्षा दिली आणि लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर, जिथे त्यांचे वडील शिवणकाम करत त्या गाळ्यात, दर शनिवारी सकाळी बसायला लागल्या. एक टेबल, एक लोखंडी कपाट, भिंतीला लावलेले दोन बाक. गिऱ्हाइकं म्हणजे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, आणि आमच्या आया, जावा, नणंदा.

मी त्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. एका कंपनीत हिशेब बघते. याद्या केल्याशिवाय मला भाजीलाही जाता येत नाही. वर्गात मी मॉनिटर होते, त्यामुळे पहिल्याच शनिवारी बाईंनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "नंबर लाव. मध्ये घुसेल तिला सगळ्यांत शेवटी टाक." कोणी घुसलं नाही. चार मुलांच्या आया, एक सेवानिवृत्त नर्स, सगळ्या हात मांडीवर घेऊन बसल्या.

तुम्हीही पाहिलं असेल, गोड बोलणाऱ्याच्या हाती पैसे द्यायला आपली माणसं घाबरतात. ओरडणाऱ्याच्या हाती डोळे मिटून देतात. बाई ओरडायच्या, त्यामुळे त्यांचा धंदा उत्तम चालला.

शिकवायच्याही छान. फक्त उदाहरणाला समोरचं माणूस घ्यायच्या. "एफडी म्हणजे आपली मंगल. कधी नापास झाली नाही, कधी वरही आली नाही. दर वर्षी पास, आणि महागाई दर वर्षी हिच्यापुढे एक नंबर." मंगल तिथेच बसलेली असे. ती हसायची, कारण सगळ्या हसत असत.

पैसे परत देणाऱ्या विमा पॉलिसीला बाई शाकाहारी मटण म्हणत. "मटण खाल्ल्याचं सुख नाही आणि उपास केल्याचं पुण्य नाही. विमा हवा तर नुसता विमा घे, मेलीस तरच पैसे मिळतील असा." सोन्याचं नाव काढलं की म्हणत, "घाल, मिरव. त्याला गुंतवणूक म्हणू नकोस, मला हसू येतं."

बाजार पडला की बाया घाबऱ्या होऊन यायच्या. त्यांना बाई खिडकीतून समोरची मसाल्याची गल्ली दाखवायच्या. "मिरची स्वस्त झाली की जास्त घेतेस की रडत बसतेस? मग युनिट स्वस्त झालं तर रडतेस कशाला? दर महिन्याचे तेवढेच पैसे जातायत, युनिटं जास्त येतायत. घरी जा." हे आमच्या लोकांना पटलं. मिरचीचा भाव लालबागमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पण बाईंचं खरं शस्त्र होतं ते कारण. पैसे घालताना कारण सांगायचं आणि काढताना कारण सांगायचं, दोन्ही वेळा उभं राहून, बाकावरच्या सगळ्यांसमोर. घालतानाचं कारण शहाणपणाचं होतं. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरबाजाराच्या फंडात टाकायचा नाही, तो लिक्विड फंडात नाहीतर बँकेत, हा त्यांचा नियम. पैसा कधी लागणार हे कळायला तो कशाला लागणार हे कळलं पाहिजे. काढतानाच्या कारणाची बाब निराळी होती. बाईंचं म्हणणं असं, की खोटं कारण चारचौघींत उभं राहून सांगता येत नाही, जिभेवरच विरघळतं.

विरघळायचंही.

"भावोजींना रिक्षा घ्यायचीय, बाई."

"भावोजींना पाय आहेत. पुढची."

"मुलाला नवा फोन."

"कितवीत आहे?"

"दहावीत. पुन्हा बसलाय."

"मग फोन कशाला, पेपर फुटला की कळायला? पुढची."

एकीला चेहऱ्याचं काहीतरी महागडं करून घ्यायचं होतं. बाईंनी चष्मा वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "वीस वर्षं जो हा चेहरा बघतोय, त्याला फरक कळणार नाही. आणि दुसरा कोणी बघणारा असेल तर त्याच्याकडून पैसे घे." बाक हसून हसून हलायला लागला. त्या बाईचे पैसे वाचले. त्या पैशांवर पुढे तिच्या मुलीचं नर्सिंग झालं, हेही खरं. पण त्या दिवशी ती घरी कशी गेली ते मी जिन्यातून पाहिलं होतं.

आजारपण, फी आणि मयत या तीन शब्दांपुढे बाई काही विचारत नसत. स्वतः धावपळ करून तीन-चार दिवसांत पैसे खात्यात आणून देत.

पैसे आमचे, मग बाई कोण अडवणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण बऱ्याच जणींच्या फॉर्मवर मोबाइल नंबर बाईंचा होता. घरातला फोन नवऱ्याच्या हातात, आणि नवऱ्याला मेसेज गेला की पैसे गेले, म्हणून बायांनीच हात जोडून बाईंचा नंबर घालायला लावला होता. पैसे काढायचे तर ओटीपी बाईंच्या फोनवर यायचा. फोर्टला फंडाच्या ऑफिसात जाऊन परस्पर काढता आले असते. दोघी गेल्याही होत्या. त्यांच्याबद्दल चाळीत पळून जाऊन लग्न केलेल्या मुलींसारखं बोललं जाई.

सुमन बाईंचीच विद्यार्थिनी, माझ्या मागून पाच-सहा वर्षांनी शिकलेली. मसाल्याच्या दुकानात वजन करून पुड्या भरायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सुरुवातीला बाया विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. ती पहिल्यांदा पैसे घालायला आली तेव्हा बाईंनी विचारलं, "कशासाठी?" ती म्हणाली, "घरासाठी." आधीच्या तिघीही घरासाठी म्हणाल्या होत्या. घर म्हणजे दहा-पंधरा वर्षं, असा हिशेब करून बाईंनी तिचे सगळे पैसे शेअरबाजाराच्या फंडात लावले.

चारएक वर्षांनी ती काढायला आली. तो शनिवार मला लख्ख आठवतो, कारण बाजार काही आठवडे सारखा पडत होता, यादी कागदाच्या मागच्या बाजूला गेली होती आणि बाई रंगात होत्या. बाकावर सुमनची नणंदही होती.

"बाई, सगळे काढायचेत."

"कशाला?"

"काम आहे."

"कामाला नाव असतं. घर मिळतंय?"

"नाही. घरचंच आहे जरा."

नणंद बाकावरूनच म्हणाली, "काय गो वयनी, माका पण सांगूचा नाय? दादाक तरी ठावक आसा मां?"

कोणीतरी मागून पुस्ती जोडली, "माहेरी पोचवायचे असतील." हशा झाला. सुमनच्या नाकाखाली घामाचे थेंब आले होते. तिने पदराने पुसले, आणि हाताला मिरची असणार, डोळे चोळायला लागली.

"आजारपण आहे का?" बाईंनी विचारलं. एवढी एक पायरी त्यांनी तिला दिली.

सुमनने तोंड उघडलं, नणंदेकडे पाहिलं. आजारपण म्हटलं असतं तर कुणाचं, हा प्रश्न त्याच बाकावरून आला असता. "नाही," ती म्हणाली.

"मग ऐक. आज काढलेस तर लाखाचे पाऊण लाख हातात येतील. कारण असेल तर तेही देते. कारण नसेल तर नाही. उत्तर येत नसेल तर बस, मागच्यांचा खोळंबा होतोय."

ती बसली नाही. टेबलावरची सही केलेली, पैसे काढायची स्लिप उचलली, चौपदरी घडी केली आणि निघून गेली. मी पुढचं नाव पुकारलं.

"आणखी एक वाचवली," बाई म्हणाल्या.

बाजार वर यायला वेळ लागला, पण आला. जवळजवळ अडीच वर्षांनंतर एका शनिवारी बाई अगदी खुशीत होत्या. सुमन नुसतं स्टेटमेंट न्यायला आली होती. बाईंनी ते तिच्या हाती दिलंच नाही, वर धरलं.

"उभी राहा, सुमन. सगळ्यांनी बघा. ही बाई त्या पडझडीत सगळे काढायला निघाली होती. आज दुपटीच्या जवळ आहेत. सांग यांना, कोणी वाचवले?"

सुमन उभी राहिली. नणंद त्याही दिवशी होती, तिसऱ्या नंबरवर.

"बाई, तेव्हा कारण सांगितलं नव्हतं. आता सांगते." आवाज मोठा होता, मागच्या बाकापर्यंत जाईल असा. "आयव्हीएफ करायचं होतं. दोष यांच्यात होता, म्हणून घरात बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाले, अडतीस झालीत, जे करायचं ते या वर्षात करा. कर्ज कोणी दिलं नाही. बाजार वर आल्यावर गेले, तर तपासून म्हणाले, आता उपयोग नाही, उगाच पैसे वाया घालवू नका." मग बाईंकडे बघून म्हणाली, "तुमच्यासारखंच बोलले, बाई."

नणंद जमिनीकडे बघत होती.

बाईंनी स्टेटमेंट खाली घेतलं. त्यावरचा आकडा पुन्हा वाचला, जणू उत्तर तिथे असेल. मग म्हणाल्या, "मग राहू दे. वाढतायत."

मी बाईंना चाळीस वर्षं ओळखत होते. वाईट बोलायचं असलं की त्या आधी चष्मा वर करायच्या. त्या वेळी केला नाही. त्यांना धीर द्यायचा होता आणि त्यांच्याकडे तेवढंच होतं.

"हो, राहू दे," सुमन म्हणाली, आणि कागद घेऊन दुकानावर गेली.

सगळ्या गेल्यावर मी खिडक्या लावत होते. बाई म्हणाल्या, "आजारपण म्हणाली असती तर दिले असते ना मी?"

"दिले असते."

"पैसे घालतानाच खरं सांगितलं असतं, तर मी शेअरबाजाराकडे फिरकलेच नसते. लिक्विडमध्ये ठेवले असते. मागितले की दुसऱ्या दिवशी हातात. तोटा नाही, काही नाही."

"हो, बाई."

"मग चूक कुणाची?"

त्या उत्तर तपासायला बसल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "बाई, दोन्ही वेळा बाक भरलेले होते."

त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. ते लागलंय की नाही हे दोनदा ओढून पाहिलं.

पुढच्या शनिवारपासून कारण विचारणं बंद झालं. स्लिप आली की बाई सही बघायच्या आणि ओटीपी सांगून टाकायच्या. भावोजींची रिक्षा आली. दहावीला तिसऱ्यांदा बसणाऱ्याला फोन मिळाला. एक जण नवऱ्याला घेऊन सिंगापूरला जाऊन आली आणि परत आल्यावर माझ्याकडेच कुरकुरली, "बाई पूर्वी ओरडायच्या तेच बरं होतं. आता पैसे टिकत नाहीत." मी तिला विचारलं, त्या ओरडत तेव्हा जिन्यात शिव्या कोण घालायचं. ती म्हणाली, "ते वेगळं."

मग मुलं मोठी झाली, त्यांनी आयांच्या फोनवर ॲप घालून दिली, नंबर बदलून दिले. कोणी बाईंशी भांडून गेलं नाही. नुसत्या यायच्या थांबल्या. शेवटी शनिवारी मी आणि बाई अशा दोघीच बसायचो, आणि यादीत लिहायला एकही नाव नसायचं. एकदा त्यांनी सुमनच्या नवऱ्याची चौकशी केली, बरा आहे का. मी बरा आहे म्हटलं. दत्तक घेण्याचं कुणी त्यांना सुचवलंय का, असं विचारलं. मी म्हटलं, तो नको म्हणतो. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या नाहीत. चाळीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. खुर्च्या कमी पडल्या. ज्या वर्ष-वर्ष फिरकल्या नव्हत्या त्या सगळ्या आल्या आणि एकेक जण उठून बोलली. बाईंमुळे मुलगा इंजिनिअर झाला. बाईंमुळे विरारला ब्लॉक झाला. चेहऱ्यावरून बोलणी खाल्लेली बाई रडली. मंगल म्हणाली, बाई टाकून बोलायच्या, पण पैसा कुणाचा बुडवला नाही. हे खरं आहे. मी तो हिशेब जवळून पाहिलेला आहे. एकीचाही बुडाला नाही.

सुमन दुकानातून तशीच आली होती आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली होती. ती बोलायला उठली नाही. चहा फिरायला लागला तेव्हा तिच्या शेजारी बसलेल्या, चाळीत नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीने तिला हळूच विचारलं, "मावशी, तुमचेही बाईंकडेच होते?"

"हो. या सगळ्यांत माझे जास्त झाले."

"अय्या, कसे काय?"

"काढायला काही कारण नव्हतं," सुमन म्हणाली, आणि ट्रेमधला एक कप उचलून तिच्या हातात दिला.