दाबलेली पेटी
तापलेल्या हेडफोनचा वास आला की टाळेबंदीतली एक दुपार आठवते. मी अमरावतीत पेटीवर, माझा जुना तबलजी अकोल्यात आणि नवी बासरीवाली वरूडला, असे तिघे ऑनलाइन वाजवणार होतो. माइकमध्ये घरघर नको म्हणून कूलर बंद होते. तबलजीने प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक लावून स्क्रीन दाखवली, तेव्हा त्याच्या हेडफोनमध्ये बासरीचा आवाज पूर्ण चढवलेला आणि माझा जवळजवळ बंद दिसला. “माही पेटी काहून दाबली बे?” “तुही पेटी मले पाठ आहे गड्या. तिची बासरी ऐकावी लागते.” वाजवताना मी मुद्दाम एक नवी तान घेतली. समोर बसून तो अशा तानेला हमखास दाद द्यायचा. त्या दिवशी त्याची मान बासरीवरच डोलत राहिली. ‘पाठ आहे’ हे त्याचे उत्तर कौतुकाचे होते, असे घरचे म्हणतात. मला मात्र आजही त्या बासरीचा हेवा वाटतो.