दुसऱ्यांदा आतडं साफ करताना

जमादार तुरुंगाच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांचा हात काही निवृत्त झाला नाही. त्यांच्या बायकोचा, काकूंचा, डावा कान त्याच हाताने कायमचा बहिरा केला होता. लेक सासरी गेली ती माहेरचं नाव काढेना.

जमादारांना शौचावाटे रक्त पडू लागलं तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीने मोठं आतडं तपासायचं ठरवलं. पहिल्या वेळी तपासणी अर्धवट सोडावी लागली, कारण आतडं साफच झालं नव्हतं. जमादारांनी जुलाबाचं औषध अर्धं मोरीत ओतलं होतं, वर मूठभर शेंगदाणे खाल्ले होते. डॉक्टरांपुढे मात्र सगळं काकूंवर ढकललं आणि घरी येताच कमरेचा पट्टा काढला.

दुसऱ्या खेपेला नर्सने काकूंना बाजूला बसवून नीट समजावलं. म्हातारपणी आतडं मंद चालतं, त्यात यांना बद्धकोष्ठ. तेव्हा आधीचे काही दिवस मऊ भात द्यायचा, बिया-सालं बंद. औषध एकदम पाजायचं नाही. अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. गार करून, घोटाघोटाने, मधे चार फेऱ्या मारायला लावायच्या. वरून पाणी द्यायचं, नाहीतर चक्कर येऊन पडतील. बोलता बोलता तिची नजर काकूंच्या मानेवरच्या वळावर गेली. घरी सोबतीला कोणी आहे का, असं तिने विचारलं. काकू म्हणाल्या, "बघते मी."

संध्याकाळी पहिला पेला जमादारांनी तोंड वाकडं करत संपवला. दुसरा काकूंच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फुटली. जखमेचं रक्त डोळ्यात ओघळतंय तोवर जमादारांनी काकूंचे केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. चाचपडणाऱ्या काकूंच्या हाताला लाटणं लागलं. त्यांनी ते जीव खाऊन हाणलं. जमादारांच्या मनगटाचं हाड कडकन वाजलं, केस सुटले. दुसरा तडाखा गुडघ्यावर बसला आणि जमादार फरशीवर कोसळले. तिसऱ्याची गरज नव्हती. तरी काकूंनी तो खांद्यावर घातला, आणि त्यांना बरं वाटलं.

चौथ्यासाठी हात उचलला तेव्हा जमादार डोकं झाकून, अंग चोरून बसले होते. असं बसणं काकूंना पाठ होतं. हात हवेतच राहिला.

"प्या आता," पेला पुन्हा भरून त्या म्हणाल्या. लाटणं खाली ठेवलं नाही.

जमादार डाव्या हाताने प्यायले. काकूंनी मनगट फळकुटाला बांधलं, स्वतःच्या भुवईवर फडकं दाबलं. पहाटेचं औषधही पोटात गेलं. भिंतीला धरून ते संडासात जात-येत राहिले. एकदा तोल गेला तेव्हा काकूंनीच सावरलं. शेवटी नुसतं पिवळसर, नितळ पाणी पडू लागलं.

या वेळी आतडं लख्ख दिसलं. आत तीन गाठी होत्या. तिन्ही काढता आल्या. मोठी तशीच राहिली असती तर पुढे कॅन्सर झाला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मनगटाला प्लॅस्टर घालताना नर्सने विचारलं. जमादार पुटपुटले, "पडलो."

"पडले नाहीत, मी मारलं," काकू म्हणाल्या आणि भुवईवरचं फडकं काढून दाखवलं. नर्सने दार लोटून घेतलं, आधी जखमेला टाके घातले, मग लेकीला फोन लावून दिला.

लेक दुपारीच आली. तिच्याबरोबर निघताना काकूंनी नर्सला सांगितलं, "पुढच्या तपासणीला पथ्यपाणी त्यांनाच समजावून सांगा. मी नसेन."