काळ्या सुताचा अंबाडा

नातीच्या कॉलेजात जुन्या फॅशनचा दिवस होता. सकाळी न्हाऊन ती माझ्यासमोर मोबाईल धरून उभी राहिली. आमच्या घरातल्या एका जुन्या लग्नाचा फोटो, आणि त्यातला एक अंबाडा तिनं दोन बोटांनी मोठा केलेला.

"आजी, मला अगदी असा घालून दे."

मी हरखून चष्मा लावला. तो अंबाडा माझ्या थोरल्या जावेचा निघाला. ती बाजूला वळून कुणाशी तरी बोलतेय, मी तिच्या मागं, आणि त्या अंबाड्यानं माझं जवळजवळ सगळं तोंड झाकलंय. दिसतंय ते नाक तेवढं माझं.

मोठ्या आजीलाच कागलहून बोलावू का, असं नातीनं विचारलं. मी म्हटलं, नको, तिचे गुडघे दुखतात. एरवी तिच्या गुडघ्यांची मला इतकी काळजी नसते. पण उभा जन्म मी त्या अंबाड्याच्या मागं उभी राहिले. निदान एकदा तरी तो माझ्या हातून, तिच्या मदतीशिवाय व्हायला हवा होता.

लग्न होऊन मी कबनूरहून या घरात आले तेव्हा जावेचे केस गुडघ्याला टेकत. ती शिकेकाईनं न्हाली की शेजारच्या बायका काहीतरी काम काढून यायच्या, केस वाळताना बघायला. अंबाडा घातला की सोललेल्या नारळाएवढा. माझी वेणी म्हणजे उंदराचं शेपूट. माझा अंबाडा सुपारीएवढा व्हायचा. सासूबाई तिच्या केसांना तेल लावायच्या आणि बाटली माझ्या हातात द्यायच्या, ठेवून ये म्हणून.

मग नणंदेची हळद आली. माहेरी आमचे माग होते, वाया गेलेल्या सुताचे ढीग पडलेले. मी त्यातलं पिशवीभर आणलं, काळ्या रंगाची पुडी आणून गुपचूप रंगवलं, त्याचा गोळा केला आणि त्यावरून माझे चार केस पसरून जाळी ताणली. वर गजरा. आरशात मागून बघितलं तर नारळ. जावेच्या नारळापेक्षा अंगुळभर मोठाच.

मांडवात मी मुद्दाम सगळ्यांत पुढं जाऊन बसले. मग उठले, पाणी द्यायच्या निमित्तानं हळूहळू फिरले. मागच्या बायका माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या. मला वाटलं, जळू देत. मी आणखी एक फेरी मारली.

तेवढ्यात जावेनं माझा दंड धरला आणि मला ओढत स्वयंपाकघरात नेलं. दार लावलं. "मान खाली कर," म्हणाली. उकाड्यानं घाम आला होता आणि सुताचा रंग मानेवरून ओघळत नव्या पिवळ्या पोलक्याच्या पार कमरेपर्यंत उतरला होता. सूत रंगवलं की मीठ घालून उकळायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मागवाल्याच्या लेकीला तेवढा दम नव्हता.

जाऊ हसली नाही. खोबरेल तेलानं मान पुसली, आपलं पोलकं मला घातलं आणि एवढंच बोलली, "विंचरताना निघालेला माझा गुंतवळ डबाभर साठलाय. मागायचं की."

केस लांब ते लांब, वर मनही मोठं. माणसानं जळावं तरी किती? तिचा गुंतवळ मी काही घेतला नाही.

तर आता नातीचे केस. हल्ली बाजारात अंबाड्यात घालायची स्पंजची गोल चकती मिळते, ती तिनं आणली होती. मी टाळूवरचे केस उलटा कंगवा फिरवून फुगवले, मागं उंच पोनी बांधली, चकती घातली, केस पसरले, आकडे खोचले. अंबाडा डावीकडं कलला. पुन्हा केला, उजवीकडं. शाम्पूचे केस, आकडे सटासट बाहेर. नात घड्याळ बघत होती. तिसऱ्यांदा चकती जमिनीवर पडली तेव्हा तिनं मला न विचारता व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर जाऊ आली. केस पोरांसारखे बारीक कापलेले! आता हात वर होत नाहीत, म्हणून गेल्या महिन्यात कापले म्हणाली. मला क्षणभर गार वाटलं. मग नीट बघितलं. मेलं ते पण तिला शोभत होतं.

"धुतलेलं केस हायत, निसटणारच," ती म्हणाली. "वरची एक बट सोड. बाकीची वेणी घाल, ती चकतीवर गुंडाळ. आकडं वेणीत रुततात. बट शेवटी वरनं पसर."

इतकी वर्षं टक लावून बघून मला कळलं नव्हतं, की त्या गुळगुळीत अंबाड्याखाली वेणी असायची. मी मुकाट्यानं घातली. अंबाडा बसला, आणि हलेना. नातीनं मान वळवून वळवून मोबाईलला दाखवला. थँक्यू मोठी आजी, म्हणाली. मला नुसतंच, "आजी, माझी बॅग दे."

"बांधला कुणी?" पलीकडनं जाऊ.

"आजीनं."

"मग तिची मान दाखव बघू. काळं उतरलं का न्हाय अजून?"

नातीला काही कळलं नाही. तिनं मोबाईल माझ्याकडं वळवला, तोवर मी मानेवरून पदर घेतला होता.