तळ्याबद्दल घरोघर विचारणाऱ्या सुहासिनीबाई

कोलकात्यातल्या डमडमच्या त्या छोट्याशा वसाहतीत कुजबुज अशी, की सुहासिनीबाईंनी तळं विकलं आणि बदल्यात बिल्डरकडून तळ्याकडच्या बाजूचा फ्लॅट घेतला. तळं बुजवल्यावर तळ्याकडची बाजू कुठून राहणार, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

झालं होतं असं. तळं बुजवून आणि काठावरची घरं पाडून टॉवर उभा करायचा की नाही, हे घरोघरी विचारायचं ठरलं. वसाहतीत दोन तट, दोघांनाही चालेल असं माणूस सापडेना. सापडल्या सुहासिनीबाई. नवरा दत्तात्रयराव बँकेच्या बदलीवर इथं आले आणि निवृत्तीनंतर दोघं इथंच राहिले. इतक्या वर्षांनीही बाईंचं बंगाली कालच सांगलीहून आल्यासारखं. बाई कुणाच्याच तटातल्या नव्हत्या, म्हणून सगळ्यांना चालल्या.

बाईही खूश. पुरुष बाहेरच्या खोलीत विकास-बिकास बोलायचे. बायका आत बोलावून मनातलं सांगायच्या. शेजारच्या शेफालीदींनी तर मासे तळता तळता सांगितलं, की मुलासमोर त्या टॉवरला हो म्हणतात, पण मनातून त्यांना तो नकोय. हे घर पाडलं की मुलगा न्यू टाउनला नेणार आणि तिथं सुनेच्या घरात पाहुण्यासारखं राहावं लागणार.

"हे त्याला कळू देऊ नकोस हं, सुहासदी."

बाईंनी कुठंही वाच्यता केली नाही. जेवताना दत्तात्रयरावांना सांगितलं, तेवढंच. नवऱ्याला सांगणं म्हणजे काय बाहेर सांगणं झालं? जन्मभर ताटावर बसून बातम्या बघणारा हा माणूस टीव्ही बंद करून "मग? आणखी कोण नको म्हणालं?" असं विचारू लागला, तेव्हा बाई इतक्या सुखावल्या, की आमटीची आणखी एक वाटी वाढली.

पुढच्या महिन्यात बिल्डरचा माणूस वसाहतीत आला आणि ज्या ज्या घरात 'नको' होतं, नेमका तिथंच गेला. शेफालीदींच्या मुलाला सगळ्यात आधी गाठलं. सभेत टॉवरसाठी भराभर हात वर झाले. शेफालीदींचाही झाला, मुलगा शेजारीच बसला होता.

बाहेर पडताना बाईंनी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"माझ्या स्वयंपाकघरातलं बोलणं त्या माणसाच्या तोंडी कसं आलं? मी फक्त तुला सांगितलं होतं."

बाई तडक घरी आल्या. चप्पलही काढली नाही.

"अहो, शेफालीदींचं तुम्ही कुणाला बोललात?"

दत्तात्रयरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "अगं, वाईट काय झालं त्यात? तुला काय म्हातारपणीही या तळ्याचे डासच मारत बसायचं होतं?"

साऱ्या वसाहतीचं मत विचारत फिरलेल्या बाईंना स्वतःच्या घरात त्यांचं मत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, तेही सगळं उरकल्यावर.

शेफालीदींनी पुन्हा त्यांना चहाला बोलावलं नाही. बाकीच्यांनीही नाही.

बिल्डरकडून फ्लॅट मिळाला होता, हे खरं. तो दत्तात्रयरावांनी घेतला होता. सुहासिनीबाईंना ते वसाहतीत सगळ्यांत शेवटी कळलं.